माठात गेलेले हात

एका गावात एक कुंभाराची पोर होती. हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. तिच्या भाच्याच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. चार पावलं चालला की ओठ निळे पडत. राजधानीतले शल्यवैद्य म्हणाले होते, "थंडीआधी आणलंत तर वाचेल."

खर्च मोठा, म्हणून गाव चावडीवर जमलं. पण गावची रीत अशी, की वर्गणीत पहिला हात मानकऱ्याचा. त्याने दिल्याशिवाय दुसऱ्याने कनवटीला हात लावायचा नाही. आणि मानकरी म्हणवणारे होते दोन!

"पहिला मान आमचा, पणजोबांपासूनचा," वरच्या आळीचे आजोबा म्हणाले.

"तुमचे पणजोबा आमच्याच पंगतीत जेवून मोठे झाले!" खालच्या आळीचे आजोबा गरजले.

बैठकीमागून बैठक झाली. पहाटे धुकं पडू लागलं. पोरगं अंथरुणातून उठेना.

शेवटी ती पोर भर बैठकीत उभी राहिली. "आजोबा, तुमचे पणजोबा काही आता मरायचे नाहीत. माझा भाचा मात्र मरेल!"

तिने अरुंद तोंडाचा एक मोठा माठ आणून मधोमध ठेवला. "सगळ्यांनी यात हात घालायचा. कुणी किती टाकलं, कुणी नुसताच हात घातला, दिसणार नाही. मग पहिला कोण नि शेवटचा कोण?"

आधी गावातली एक मोळीविकी पुढे आली. मग रांगच लागली. दोन्ही आळींचे आजोबाही आले, चेहरे पाडून.

माठ भरला. शस्त्रक्रिया झाली. पोरगं धावत घरी आलं.

"आभार कुणाचे मानू गं?" त्याच्या आईने विचारलं.

"सगळ्यांचेच मान, वहिनी."

मग मायलेक दारोदार गेले. वरच्या आळीत पोरगं आजोबांच्या पाया पडलं. "बघा, तुमच्या पायऱ्या मी धावत चढलो!"

आजोबांना त्याच्याकडे बघवेना. "सूनबाई, माझी मूठ रिकामी होती गं."

"असेल," आई म्हणाली. "पण तुम्ही उठलात, म्हणून तुमची सगळी आळी उठली. तेही देणंच की."

आजोबांनी पोराला जवळ बसवलं. मग म्हणाले, "वैद्यांना पुन्हा दाखवायला कधी जायचं?"

"पुढल्या पुनवेला."

"माझी बैलगाडी येईल. हाकायला मीच. आणि हे बघ, गावात दवंडी पिटू नकोस."

तात्पर्य: मान मोजत बसलं की मदतीला उशीर होतो, नाव न सांगता दिलेलं मात्र साऱ्या गावाचं होतं.