तोलामोलाची नवरी

एका गावात सटवा नावाचा एक भोळा कुंभार राहत होता. भोळा म्हणजे किती? कुणी म्हणालं, "सटवा, जरा कान दे," की तो टोपी काढून विचारायचा, "परत कधी देणार?"

मडकी मात्र छान करायचा. त्याच्या माठातलं पाणी पिऊन माणूस ढेकर द्यायचा. आता माठांवर संसार होत नाही. सटवाची तिशी आली. त्याची आई ठकूबाई म्हणाली, "बाबा, मी आता थकले. मुलगी बघून ये. पण आधी आरशात आपलं तोंड बघ, मग मुलगी बघ."

"बरं आई, तसंच करतो."

घरात आरसा नव्हता. सटवानं न्हाव्याकडून मागून आणला आणि काखेत मारून केरबामामाबरोबर मुलीच्या घरी गेला. पोहे घेऊन मुलगी बाहेर आली. सटवानं आरसा काढला आणि त्यात बघत बसला. आपलं तोंड त्यानं एवढ्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मुलगी उभी राहून राहून अवघडली.

मुलीच्या बापानं विचारलं, "काय पाव्हणं, पसंत आहे का?"

"झकास!" सटवा म्हणाला. "डोळे टपोरे, कपाळ मोठं, आणि मिशी तर काय झोकदार!"

"कुणाची मिशी?" बाप उठलाच. केरबामामानं भाच्याला ओढत घरी आणलं.

ठकूबाईनं कपाळावर हात मारला. "मेल्या, तिथं स्वतःला नाही, मुलीला बघायचं! आपल्या तोलामोलाची आहे का, एवढंच बघायचं."

"बरं आई, पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी तो वाण्याचा मोठा तराजू घेऊन गेला. पोत्यांचा तराजू होता तो. मुलीच्या ओसरीवर तुळईला टांगला, एका पारड्यात आपण बसला आणि म्हणाला, "मुलीला बसवा त्या पारड्यात."

मुलीची आई म्हणाली, "अहो, आमची मुलगी काय ज्वारी आहे?"

"तोल जमला की मग मोलाचं बोलू," सटवा म्हणाला.

मुलीच्या भावानं रागानं दोरी कापली. सटवा खाली आला. खाली केरबामामा बसले होते. मामा पंधरा दिवस कुबडीवर चालले.

ठकूबाई रडकुंडीला आली. "अरे मुडद्या, तोल रूपाचा बघायचा! मुलगी चारचौघींत उठून दिसली पाहिजे. आणि दिसली की तोंडभरून कौतुक करायचं. कळलं?"

"कळलं आई. तसंच करतो."

ओढ्यापलीकडच्या गावात चांगुणा नावाची मुलगी होती. मामा लंगडत लंगडत तिथं घेऊन गेले. घरात बायका चारच. चांगुणा, तिची आई, आत्या आणि आजी. सटवा म्हणाला, "चौघींनी इथं ओळीनं बसा."

बसल्या. सटवा बघत राहिला. कुणीच उठेना. आजीला डुलकी लागली. मामांना घाम फुटला. एवढ्यात चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला आणि चांगुणा झटकन उठली.

"उठली! दिसली!" सटवा ओरडला. "हीच ती!"

मग त्यानं समोर ठेवलेल्या ताटातले तीन लाडू उचलले, एकापाठोपाठ एक तोंडात कोंबले आणि कौतुक सुरू केलं. "फुफची फोरगी फार फांगली!" लाडवाचा चुरा थेट चांगुणाच्या बापाच्या मिशीवर.

बाप काठी शोधायला लागला. पण चांगुणा दाराआड पोट धरून हसत होती. म्हणाली, "आबा, मला हाच नवरा हवा."

"ह्या येड्यात काय बघितलंस?"

"पहिला आला तो म्हणाला, नाक बसकं. दुसरा म्हणाला, रंग सावळा. माझं रूप मला ठाऊक आहे आबा, कुणी सांगायला नको. हा म्हणाला, उठली, हीच ती. ह्याच्या मनात एक आणि ओठांत दुसरं कधी यायचं नाही."

लग्न ठरलं. ठकूबाईनं सटवाला समोर बसवलं. "आता अक्कल चालवू नकोस. लग्नात मी म्हणेन तेच खरं मानायचं."

"बरं आई, तसंच करतो."

लग्नाच्या दिवशी न्हाव्यानं दाढी केली, मिशी कोरली. अंगाला हळद, डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या. ठकूबाईनं बघितलं आणि तिचे डोळेच भरून आले. ती म्हणाली, "अगं बाई! हा माझा सटवा नव्हेच! हा कुठला राजपुत्र!"

सटवानं मान डोलावली. लग्नात आई म्हणेल तेच खरं.

चांगुणाच्या दारच्या मांडवात अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. एवढी चांगली मुलगी सटवाला मिळाली होती, आणि तिच्यासमोर उभा कोण, तर हा देखणा परका माणूस! शेवटी त्याला राहवेना.

"थांबा!" तो ओरडला. "हिचं लग्न सटवाशी ठरलंय. मी त्याला बोलावून आणतो!"

आणि फेटा सावरत पळाला. ओढा ओलांडला, घर गाठलं. दाराला बाहेरून कडी होती. "सटवा! अरे सटवा! लग्न लागतंय तुझं!" आतून ओ आली नाही. गोठ्यात बघितलं, भट्टीमागं बघितलं, विहिरीत डोकावून हाक मारली. मग धापा टाकत मांडवात परत आला.

"सटवा घरात नाही," तो म्हणाला.

भटजी म्हणाले, "मुहूर्त टळतोय!"

सटवानं डोकं खाजवलं. मुहूर्त टळला तर बिचाऱ्या सटवाची नवरी जायची. तो निमूट पाटावर उभा राहिला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, त्यानं चांगुणाच्या गळ्यात हार घातला. मग सगळ्या मांडवादेखत वाकून तिच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "वहिनी, हार मी सटवाच्या वतीनं घातलाय. काळजी करू नका. तो सापडला की कान धरून तुमच्या हवाली करतो. तोवर हा दीर आहेच ओसरीवर झोपायला!"