म्हाळसेच्या अक्षतांची कहाणी

जिवतीमाय, कान दे. बायांनो, अक्षता घेतल्यात ना हातीं? मुठी मिटा, सावकाश सांगतों.

आटपाट नगर, नगराला तलाव. तलावाला दोन घाट, एक बायांचा, एक पुरुषांचा. तिथं चिमाई कुंभारीण राही. नवरा वारलेला, पोटीं एकच लेकरूं. नांव ठेवलं म्हाळोजी. लेकरूं बोलूं लागलं, तसं म्हणालं, "आई, मी मुलगी आहें. मला म्हाळसा म्हण." आई हंसली. मोठं झालं, पुन्हा म्हणालं. आई रागावली. मग एके दिवशीं लुगडं नेसून उंबऱ्यांत उभं राहिलं. आई म्हणाली, "लोक तोंडांत शेण घालतील. चालता हो!"

म्हाळसा निघाली. वेशीबाहेर झोपडी घातली, चाक मांडलं. पण मातीला पाणी हवं, घशाला पाणी हवं. मग बायांच्या घाटावर गेली. सगुणा सोनारीण म्हणाली, "अगोबाई, आज दाढी करून आलास वाटतं!" तिनं म्हाळसेची घागर लाथाडली. मग पुरुषांच्या घाटावर गेली. तिथं पुरुषांनीं तिचा पदर ओढला. मग डबक्यांतलं पाणी प्याली, तापानं फणफणली.

इकडं श्रावण आला. शुक्रवारीं जिवतीची पूजा. लेकराला ओवाळावं. लेकरूं दूर असलं तर चारी दिशांना अक्षता टाकाव्या, जिथं असेल तिथं त्याच्या डोक्यावर पडतात. चिमाईनं टाकल्या. "माझा म्हाळोजी सुखी असो." अक्षता दारापर्यंत गेल्या, फिरल्या, तिच्याच पायांशीं पडल्या. दुसऱ्या शुक्रवारीं तसंच झालं. तिसऱ्या शुक्रवारीं दारीं एक म्हातारी आली.

"बाई, हाक कुणाला मारतेस?"

"माझ्या लेकाला."

"तो होता कधीं? लेक आहे तुझी, तापलेली आहे. तिनं सांगितलेलं नांव घे कीं!"

चिमाई लगबगीनं उठली. मूठ भरली, ओरडलीच, "माझी म्हाळसा, माझी लेक, असेल तिथं सुखी असो!"

आणि काय सांगूं बायांनो! अक्षता उडाल्या! दाराबाहेर गेल्या, पेठेवरून गेल्या, चिमाई मागं धांवली. हातांत निरांजन, पायांत वहाण नाहीं. "चिमाई, कुठं ग?" "लेकीकडं! लेकीकडं!" अर्धं नगर तिच्यामागं धांवलं.

म्हाळसा त्या वेळीं राजाच्या सभेंत उभी होती. अंगांत ताप, तशीच पाणी मागायला आली होती. प्रधान म्हणत होता, "तूं कोण तें आधीं ठरूं दे, मग पाण्याचं पाहूं."

म्हाळसा म्हणाली, "महाराज, तलावाचा गाळ काढला, तेव्हां घरटी एक माणूस बोलावलंत. आमच्या घरून मीच आलें. डोक्यावर पाटी देतांना कुणी विचारलं नाहीं तूं कोण म्हणून. पाणी घेतांनाच कां विचारतां?"

इतक्यांत अक्षता आल्या, म्हाळसेच्या डोक्यावर पडल्या! मागून चिमाई आली, धापा टाकीत लेकीला ओवाळलं, पोटाशीं धरलं. "बाळे, मीच तुला हाक मारली नाहीं ग."

प्रधान म्हणाला, "देवीचा कौल लागला. हिला घाट मोकळा."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण म्हाळसा म्हणाली, "थांबा. माझी आई आली. जिची आई येणार नाहीं, तिनं काय करावं? तिनं तहानेलंच राहावं?"

राजा सिंहासनावरून उठला. म्हणाला, "नाहीं. जें माणूस आपण कोण तें जसं सांगेल, तसंच नगरानं त्याला मानावं. पाणी, घर, चावडीवर बोलायचा हक्क, सगळं त्याचं. कौल कुणी मागूं नये, आईची साक्षसुद्धां कुणी मागूं नये." तशी दवंडी पिटली. प्रधान खालीं बघूं लागला.

दुसऱ्या दिवशीं म्हाळसा घाटावर गेली. सगुणा पुढं झाली, तिची घागर भरली, डोक्यावर चढवली. "दाढीचं बोललें होतें, मनांत ठेवूं नको ग." म्हाळसा म्हणाली, "ठेवीन थोडे दिवस. तूं घागर तेवढी नीट धर!" घाट खदखदून हंसला.

चिमाई तेव्हांपासून दर शुक्रवारीं दोन मुठी घेई. एक म्हाळसेच्या नांवाची. दुसरी, ज्यांना घरचं कुणी हाक मारीत नाहीं त्यांची.

तिला लेक भेटली, लेकीला पाणी मिळालं, तसं तुम्हां-आम्हां सगळ्यांना मिळो. साठ बोलांची कहाणी पांच बोलांत पुरी झाली, फळाला आली.

आतां मुठी उघडा बायांनो. टाका अक्षता. दुसरी मूठ विसरूं नका.