मध्यंतरानंतरचं शहाणपण

"...पण शेवटी तिनं त्याला सोडलंच पाहिजे ना, महाराज?"

बुवा ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणी? सिनेमातल्या बाईनं, की तुमच्या बहिणीनं?"

हृषीकेश वाटव्यांनी चष्मा काढून पुसला. सिनेमाच्या दिग्दर्शकांना असा प्रश्न मुलाखतीत कोणी विचारत नाही.

वाटवे पुण्याहून कृष्णाकाठच्या या मठात तक्रार घेऊन आले होते. त्यांची थोरली बहीण उज्ज्वला सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्नाला उभी राहिली होती. पहिल्याच. आई गेल्यावर तिनंच वाटव्यांना वाढवलं, शिकवलं, पहिला कॅमेरा घेऊन दिला. त्यात तिचं लग्न राहून गेलं. नवरामुलगा सलील हा जनावरांचा डॉक्टर, वय छत्तीस. माणसात खोट नव्हती. वाटव्यांनी शोधून पाहिली होती.

"लहान आहे तो," वाटवे म्हणाले. "माझ्याहूनही लहान. ताई तुमचा शब्द मोडत नाही. त्यागावर तिला दोन शब्द सांगा."

"त्यागावर तुम्ही अख्खा सिनेमा काढलात. आणखी मी काय सांगू?"

त्या सिनेमाचा शेवट मठाच्याच घाटावर चित्रित झाला होता. गोष्ट साधी. पंचेचाळीस वर्षांची बाई एका तरुणाच्या प्रेमात पडते. मध्यंतरापर्यंत ती पोहायला शिकते, केस मोकळे सोडते, रस्त्यावर उभी राहून पाणीपुरी खाते. मध्यंतरानंतर तिला आरशात एक पांढरा केस दिसतो आणि शहाणपण येतं. ती त्या तरुणाला स्वतःच्या हातानं मुंडावळ्या बांधते, त्याच्या वयाच्या मुलीशी त्याचं लग्न लावून देते आणि एकटी घाट उतरून जाते.

या भूमिकेला चौतीस वर्षांची नटी घेतली होती. पंचेचाळीसची बाई पडद्यावर पंचेचाळीसची दिसते, अशी निर्मात्यांची अडचण होती. पांढरा केस रंगवून घेतला.

"लोक रडले, महाराज. बक्षिसं मिळाली."

"रडतील. जत्रेत बोकडालाही आधी हार घालतात, कुंकू लावतात. बोकड गुणाचा होता, असं जेवताना सगळेच म्हणतात."

वाटव्यांनी पाण्याचं भांडं उचललं आणि न पिताच खाली ठेवलं.

"ती तुमची नटी इथं चहाला आली होती," बुवा म्हणाले. "तिच्या डोळ्यांत पाणीच येईना. मला म्हणाली, मी ह्याला का सोडतेय तेच कळत नाही. तुम्हालाही विचारलं होतं म्हणे."

"विचारलं होतं."

"मग?"

"मी म्हटलं, प्रेक्षकांना कळतं..." वाटवे थांबले. "आणि ग्लिसरीन मागवलं."

शेंगांचा आवाज बंद झाला.

"त्याच्या आधीचा सिनेमा कसला होता?"

तोही प्रेमाचाच होता. नायक पंचावन्न वर्षांचा प्राध्यापक, नायिका त्याच्या वर्गातली, बाविशीची. दोघांचं लग्न होतं आणि शेवटच्या गाण्यात ते बर्फात लोळतात. जाहिरातीत नायकाला 'चिरतरुण' म्हटलं होतं. हा शब्द मराठीनं पुरुषांसाठी राखून ठेवला आहे. बायकांसाठी 'अजूनही' आहे. अजूनही देखणी, अजूनही सडपातळ.

"त्या प्राध्यापकानं शेवटी काय सोडलं?"

वाटवे बराच वेळ आठवत राहिले.

"...सिगारेट."

बुवा हसले नाहीत.

"पन्नास वर्षं भगवं नेसतोय मी, वाटवे. दुपारचा चहा अजून सुटला नाही. आणि तुम्ही एका बाईकडून एका गाण्यात सगळं सोडवून घेता. हिसकावून घेतलं, त्याला त्याग म्हणत नाहीत."

मग वाटवेही तापले. म्हणाले, हा समाज काही मी बनवलेला नाही. परवा ताईबरोबर साड्यांच्या दुकानात गेलो, तर दुकानदारानं तिला विचारलं, मुलाचं लग्न का? ताई हसून म्हणाली, नाही हो, माझंच. गादीवर उलगडलेली साडी दुकानदारानं हळूच मिटली आणि फिक्या रंगाची पुढे केली. वाटवे तिथून जे उठले, ते ताईला सांगूनच, की मी लग्नाला येणार नाही.

"लोक तिला हसतील, महाराज. आणि माझ्याच सिनेमाचं नाव घेऊन हसतील. कशासाठी हे सगळं? लहान आहे तो..."

"साडी कुठली घेतली तिनं?"

"मला काय ठाऊक?"

"लाल. मला दाखवायला काल आली होती."

वाटवे सावरून बसले.

"रडली असेल."

"नाही."

"तुमची परवानगी मागितली?"

"मला कोण विचारतंय? एकच अडचण होती तिची. कानपिळीची. नवरदेवाचा कान पिळून, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणायला नवरीचा भाऊ लागतो. सख्खा भाऊ आला नाही तर दुसरा कोण चालतो, म्हणाली. मठातला माळी चालेल का, तेही विचारलं."

खाली घाटावर कोणीतरी कपडे आपटत होतं. वाटवे तिकडे बघत राहिले.

"...तुम्ही काय सांगितलंत?"

बुवांनी पंच्याला हात पुसले, पुढे वाकले, वाटव्यांचा उजवा कान धरला आणि पिळला. चांगला पिळला. वाटव्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्लिसरीन लागलं नाही.

"हा असा," बुवा म्हणाले. मग त्यांनी पकड सैल केली.

"पण इतक्या जोरात नको. लहान आहे तो."