दोन तास पुढचं घड्याळ

एका डिजिटल नाण्याच्या नेटवर्कमध्ये ज्याचा संगणक आधी कोडं सोडवी, त्याला नवी नाणी मिळत. उत्तरावर ते सापडल्याची वेळ टाकावी लागे. उत्तराला उशीर झालेला दिसला, की नेटवर्क पुढची कोडी सोपी करी. शेकडो संगणकांचे मालक रंगराव मोहोळकर मुद्दाम दोन तास पुढची वेळ टाकत आणि सोप्या झालेल्या कोड्यांवर भराभर नाणी मिळवत.

नेटवर्कच्या सभासदांच्या वार्षिक सभेला ते अध्यक्षपदाचा अर्ज घेऊन रुबाबात आले. एकाच संगणकावर भागवणाऱ्या निवृत्त शिक्षिका कुमुदिनी तिरोडकर उठल्या.

"रंगराव, तुम्ही टाकता ती वेळ खोटी असते."

"बाई, माझं घड्याळ बरोबर आहे. तुमची सगळ्यांचीच मागे पडलीत!" रंगराव गरजले.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते.

"मान्य. मग तुमच्या घड्याळात साडेपाच झाले. अर्जाची मुदत चारलाच संपली. या आता!"

सभागृहात हशा पिकला. रंगरावांनी हातातल्या अर्जाकडे पाहिलं.

"तसं... माझं घड्याळ जरा पुढे असेल," ते पुटपुटले.

बाई चिटणिसांकडे वळल्या. "हे लिहून घ्या. आणि पुढची वेळ टाकलेलं उत्तर यापुढे बाद, असा ठराव मांडते."

भराभर हात वर झाले. त्यात एक हात नाइलाजानं रंगरावांचाही होता.