पाहुणीचा खांब

एका गावाला एक तळं होतं, आणि रोज सकाळी त्या तळ्यात ते गाव उलटं उभं राहायचं. धुकं उतरलं की वरचं गाव कुठलं आणि खालचं कुठलं, हे पाणी भरायला आलेल्या बायकांनाही कळायचं नाही. घागर बुडवली की खालचं गाव थरथरायचं आणि पुन्हा हळूहळू जुळून यायचं.

त्या गावात द्वारका नावाची बाई राहायची. तिच्या हातात आकड्याची सुई आली, की दोरा जणू आपणहून तिच्याकडे चालत यायचा. तिच्या विणीत एक टाका मोठा नाही, एक लहान नाही. लोक म्हणायचे, द्वारकाकाकूंनी विणलेला रुमाल पाण्यावर टाकला तर मासे त्याला चांदणं समजतील.

गावाची एक रीत होती. चैत्रात गौर झोपाळ्यावर बसायची, आणि अक्षय्य तृतीयेला तिच्यावर पांढऱ्या सुती दोऱ्याचा, क्रोशाने विणलेला गोल चांदवा धरायचा. दर वर्षी नवा, शंभर फेऱ्यांचा. माघ लागला की देवळाच्या ओवरीत बायका गोल करून बसायच्या. चांदवा एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर सरकायचा, सुई या हातातून त्या हातात जायची, आणि सगळ्या मिळून एक गाणं म्हणायच्या:

एक घर चालून गेले, दुसऱ्या घरी थांब,
दारी आली पाहुणी, तिच्यासाठी नवा खांब.

खांब म्हणजे विणीतला उभा टाका. तो जिथे बसतो, ते त्याचं घर. पुढच्या फेरीला दोन घरं चालून तिसऱ्या घरी थांबायचं, त्याच्या पुढच्या फेरीला तीन घरं चालून चौथ्या घरी. असं ते गाणं फेरीगणिक लांबत जायचं. सत्तराव्या फेरीपर्यंत म्हाताऱ्या पेंगायच्या, पण पेंगतानाही त्यांचे ओठ हलायचे. गाणं कोणी रचलं, कशासाठी रचलं, हे कोणी विचारायचं नाही. वेळ जावा म्हणून म्हणायचं, एवढंच.

द्वारका लहानपणापासून त्या गोलात बसत आली होती. पण अलीकडे तिचं मन तिथे रमेना. अंबूमावशीचा हात घट्ट. ती विणायची तेवढा तुकडा आवळून यायचा. तिच्या शेजारणीचा हात सैल. तिच्या टाक्यांतून बोट जायचं. द्वारकाला प्रत्येकीचा तुकडा लांबून ओळखू यायचा आणि डोळ्यांत खुपायचा, आणि कधी कधी ती तसं बोलूनही जायची.

त्या माघात ती सगळ्यांसमोर म्हणाली, "यंदाचा चांदवा मी एकटी विणणार. एकाच हाताचा. वीण कशाला म्हणतात ते गौरीलाही कळू दे."

"विण हो बाई," अंबूमावशी म्हणाली. "आमच्या मांड्यांना तेवढीच विश्रांती."

तेव्हा राही ओवरीच्या पायरीशी उभी होती. राही बुरडीण. मागच्याच वर्षी गावात राहायला आलेली. बांबूच्या कामट्या काढून सुपं, टोपल्या, परड्या विणायची.

"काकू," ती म्हणाली, "मला बी शिकवा की. कोपऱ्यात बसंन."

द्वारका हसली. "तुझ्या हाताला कामट्यांची सवय, राही. दोऱ्याला बांबूचं कुसळ टोचायचं गं."

सगळ्या हसल्या. राहीही हसली. पण हसताना तिने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

द्वारकाने घरी माजघरात चटई अंथरली आणि एकटीने विणायला सुरुवात केली. खिडकीतून तळ्याचा उजेड यायचा आणि आढ्यावर हलत राहायचा. बाहेर एखादा बगळा, आत सुईची बारीक चाल. गाणं म्हणायला बरोबर कोणी नव्हतं, तेव्हा ती गाणं म्हणत नसे. पहिल्या वीस फेऱ्या हाताच्या जुन्या सवयीने झाल्या.

मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली. मध्येमध्ये हात एकाच घरात दोन खांब घालत होता. दोन खांब आले की तिथे जरा दाटी दिसायची. सगळी रांग सरळ आणि मध्येच ही जोडी, अंगाला अंग लावून बसलेली.

"ही दुसरी कोण मध्ये घुसलेली?" ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिने जास्तीचा खांब घालणं बंद केलं. एका घरात एक खांब. आता रांग कशी देखणी चालली! ती विणत गेली. विणलेलं मांडीवर मऊ साठत गेलं, दुधावरच्या सायीसारखं. दिवस कुठून आला आणि कुठे गेला, तिला कळायचं नाही.

अक्षय्य तृतीयेला नऊ दिवस उरले तेव्हा शंभरावी फेरी पुरी झाली. द्वारकाने चांदवा पहिल्यांदाच जमिनीवर पसरला.

तो पसरेना.

मधला भाग सपाट बसला, पण त्याच्या पुढची वीण चहूबाजूंनी वर उठली. एका बाजूने दाबली की दुसरीकडून उठायची. द्वारकाने दोऱ्याला दोष दिला. मग सुईला दिला. तांदळाची पेज करून चांदव्याला खळ दिली, ओढून ताणून वाळत घातला, वर पाटा ठेवला, वरवंटा ठेवला, तांदळाचे दोन डबे ठेवले. दुसऱ्या दिवशी ओझं काढलं. वीण क्षणभर निजली आणि मग आळस दिल्यासारखी हळूच पुन्हा उभी राहिली.

द्वारका सगळ्यांसमोर बोलून बसली होती. दुसरा चांदवा गावात नव्हता. गौर यंदा उघड्या डोक्याने बसणार, आणि ते आपल्यामुळे. सांगायचं कोणाला?

दुपारी ती चांदव्याशेजारीच लवंडली. तळ्याचा उजेड आढ्यावर हलत होता. बघता बघता डोळा लागला.

तिला दिसलं, ती चांदव्याच्या मधोमध बसली आहे. पांढरी वीण तिच्याभोवती वर वर चढते आहे, खांबाला खांब लागून, मध्ये फट नाही. आभाळ वर जात जात ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं. बाहेर बायका गात होत्या. आवाज ओळखीचे होते, पण भिंतीतून शब्द कळत नव्हते. तिने हाक मारली, "अंबूमावशी! मी इथे आहे!" हाक भिंतीला लागून तिच्याच मांडीत पडली. गाण्याचा फक्त शेवटचा शब्द आत आला: खांब... खांब...

"काकू, हायेत का घरात?"

द्वारका दचकून उठली. दारात राही उभी होती. गौरीसाठी नवी परडी घेऊन आली होती. तिची नजर चटईवर गेली आणि डोळे मोठे झाले.

"अगं बया! काकू, किती देखणी टोपली विणली!"

"टोपली?" द्वारकाचा आवाज चिरका झाला. "हा चांदवा आहे, राही!"

राहीने जीभ चावली. "चुकलं माझं. तोंडातनं गेलं."

ती परडी ठेवून निघाली. द्वारका तिच्या पाठीकडे बघत राहिली. राग येत होता, पण रागाच्या खाली काहीतरी हललं.

"थांब, राही. टोपली का म्हणालीस?"

राही उंबऱ्याशीच बसली. आणलेली परडी तिने उपडी केली आणि बुडावर बोट ठेवलं. "हे बघा. हे बूड. बूड सपाट पाहिजे, तर फिरून फिरून नवी कामटी आत घ्यावी लागती. जुन्या कामट्या थोड्या सरकत्यात, नवीला जागा देत्यात. हितं बघा, हितं मी नवी कामटी घ्यायची थांबले. थांबले की कड उठती. तितनं टोपली सुरू." ती जरा घुटमळली. "तुमची ईसाव्या फेरीला सुरू झालीया, काकू."

द्वारकाने विसाव्या फेरीवर बोट ठेवलं. माजघरात फक्त उजेड हलत होता. आणि मग स्वप्नात न कळलेले शब्द एकामागून एक आपणहून आले: दारी आली पाहुणी, तिच्यासाठी नवा खांब.

वेळ घालवायचं गाणं नव्हतं ते! इतकी वर्षं बायका गात होत्या, आणि ते गाणंच हाताला सांगत होतं की कितव्या घरी थांबायचं, कुठे दोघींना एकत्र बसवायचं. पाहुणीला जागा मिळाली नाही की गोल मिटतो. तिने पाहुणीला घुसखोर समजून हाकललं होतं. विणीतून, आणि ओवरीच्या पायरीवरूनही.

तिने चांदवा उचलला आणि राहीकडे हात पुढे केला. "चल माझ्याबरोबर."

ओवरीत बायका गौरीसाठी फुलं निवडत होत्या. द्वारकाने चांदवा मधोमध ठेवला. तो टोपलीसारखा उभा राहिला. कोणी हसलं नाही, इतका तो सुंदर होता आणि इतका निरुपयोगी.

"मी चुकले," द्वारका म्हणाली. "पाहुणीचा खांब मी गाळला. आठ दिवसांत हे माझ्या एकटीच्यानं होणार नाही."

अंबूमावशीने तिच्याकडे बघितलं. "आणि माझा हात? घट्ट आहे म्हणे."

"घट्टच आहे, मावशी," द्वारका म्हणाली. "पण धरून ठेवतो."

अंबूमावशीला हसू फुटलं. "बस खाली. बोलून बोलून दोरा संपेल."

द्वारकाने दोऱ्याचं टोक सोडवलं आणि ओढलं. सरसर सरसर वीण उसवत गेली. तीन महिन्यांची मेहनत, ओळीमागून ओळ, आल्या वाटेने परत निघाली. दोरा वळ्यावळ्यांचा झाला होता. बायकांनी तो ओला करून, सरळ करून पुन्हा गुंडाळला. विसाव्या फेरीशी द्वारका थांबली. मग ती चटईवर थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"राही, इथे ये. तुझं घर इथे."

राही बसली. तिचे हात अजून पदराखालीच होते. द्वारकाने ते बाहेर काढले, त्यांत सुई दिली आणि वरून आपला हात धरला. गाणं सुरू झालं.

वीस घरं चालून गेले, एकविसाव्या घरी थांब,
दारी आली पाहुणी, तिच्यासाठी नवा खांब.

आठ दिवस, सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत, चांदवा मांडीवरून मांडीवर फिरत राहिला. एकीचा हात दुखला की दुसरीचा पुढे यायचा. गोल मोठा होत गेला, तशा बसणाऱ्या मागे सरकत गेल्या आणि मध्ये नव्यांना जागा होत गेली. ऐंशीव्या फेरीला ओवरी पुरेना, म्हणून अर्ध्या बायका अंगणात बसल्या.

अक्षय्य तृतीयेला सकाळी चांदवा गौरीवर धरला. तो तळ्याच्या पाण्यासारखा निवांत पसरला. नव्या हातांच्या सैल टाक्यांनी तो एवढा वाढला होता की त्याला ताणून धरायचं नेहमीचं बांबूचं कडं अपुरं पडलं, म्हणून राहीने मोठं वाकवून आणलं. विणीतून ऊन गळलं आणि गौरीच्या अंगावर, झोपाळ्यावर, बायकांच्या खांद्यांवर लहान लहान घरं पडली. एक तुकडा घट्ट होता, एक सैल. एका तुकड्यात टाके जरा आडदांड होते, कामट्या विणल्यासारखे. द्वारकाने तो लांबूनच ओळखला. तो तिच्या डोळ्यांत खुपला नाही.

हळदीकुंकवाला गर्दी झाली. पन्ह्याचे पेले फिरत होते. एक अनोळखी बाई दारात येऊन अवघडून उभी राहिली. आत यावं की नाही, तिला कळेना. द्वारकाने तिचं नाव विचारलं नाही. ती चटईवर थोडी सरकली आणि शेजारची जागा हाताने झाडली.

तात्पर्य: नव्याला जागा देत गेलं तरच गोल मोठा होतो आणि सपाट बसतो, आपल्यापुरतीच रांग देखणी ठेवणाऱ्याचा गोल त्याच्याच भोवती मिटतो.