अंबील वाढले

करंजवेढ्याच्या ओढ्याकाठी जो जुना करंज आहे, त्याच्या बुंध्याशी वाकळमहाराजांचा मुक्काम असे. त्यांचे खरे नाव कुणाला ठाऊक नव्हते. थंडी असो, ऊन असो, अंगावर एक ठिगळाठिगळांची वाकळ, एवढेच त्यांचे वस्त्र. ऐन वैशाखात कुणी म्हटले, ‘महाराज, काढून ठेवा की ती’, तर महाराज म्हणत, ‘बारा घरच्या लुगड्यांची आहे रे बाबा. त्यातलं कुणाचं काढून ठेवू?’ त्या माउलीने करंजवेढ्यात एका शब्दावरून केवढी गंमत केली, ती ऐकण्यासारखी आहे.

गावात नागोजी कासाराचे घर होते. नागोजी बांगड्यांचा माल आणी, भांडीकुंडी विकी, आणि त्याची बायको सगुणाबाई दर गुरुवारच्या बाजारात लिंबाखाली बसून बायाबापड्यांना बांगड्या भरी. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. एकदा त्या सासूच्या हातात हात देऊन बसलेली एक वाडीवरची बाई चुडा भरता भरताच आडवी झाली. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हते. त्या दिवसापासून म्हातारीने कालिकामातेच्या नावाने नेम धरला, की बाजाराला पायी आलेल्या माणसाने उपाशी परत जायचे नाही. लिंबाखाली अंबिलाचा मातीचा डेरा मांडला गेला, तो सासू गेल्यावर सगुणाबाईने चालू ठेवला.

अंबील म्हणजे काही मोठे पक्वान्न नव्हे. आंबवलेले ज्वारीचे पीठ ताकात शिजवायचे, वर लसणाची सणसणीत फोडणी. पण चार कोस चालून आलेल्या माणसाला विचारा त्याची चव! सगुणाबाईला कुणी मागावेही लागत नसे. बांगड्या भरताना हात तिच्याच हातात असायचा. संक्रांतीला घट्ट बसलेला चुडा आता कोपरापर्यंत सरकतोय, हे तिला डोळे मिटूनही कळे. मग ती काही विचारत नसे. सुनेला नुसती हाक मारी, ‘तान्हू, यांना दोन ओगराळी जास्त वाढ.’

आता तो शब्द. आपल्याकडे दिवा विझवला असे म्हणत नाहीत, दिवा वाढवला म्हणतात. दुकान बंद करताना दुकान वाढवतात. कासाराकडे तर बांगडी कधी फुटतच नाही, ती वाढते! त्यामुळे सगुणाबाईच्या घरी हा नेम जरा जास्तच कडक होता. पीठ संपले, ताक संपले, असे बोलायचीच चोरी. डेऱ्याचा तळ लागला तरी सुनेने म्हणायचे, ‘आत्याबाई, अंबील वाढलं.’ तान्हू नवी होती तेव्हा तिची जीभ दोनदा घसरली आणि दोन्ही वेळा सासूने असे डोळे वटारले, की पोरीला तो शब्द पाठच झाला.

त्या लिंबाच्या समोरच इनामदार बळवंतरावांच्या वाड्याचा दरवाजा होता. बळवंतराव माणूस वाईट नव्हते, पण मोठेपणाची भारी हौस. लोक पंगतीला बसून सगुणाबाईला दुवा देत, तो आवाज थेट वाड्यातल्या बैठकीत जाई आणि इनामदारांच्या कपाळाला आठी पडे. गावात इनाम आपले आणि दुवा कासारणीला, हे काय! चार माणसांत ते हसून म्हणत, ‘बांगड्या विकून पुण्य घेतंय कासाराचं घर. मातीचा डेरा आणि म्हणे अन्नदान!’ बरोबरची माणसेही मग हसत, कारण इनामदार हसले की हसायचे असते.

त्यात इनामदारांच्या लेकीला, मैनाला, बघायला लांबच्या गावाहून मोठ्या घरचे पाहुणे यायचे ठरले. दिवस नेमका गुरुवारचा. दारासमोर धुळीत बसून अंबील ओरपणारे लोक पाहुण्यांच्या नजरेला पडले तर काय इभ्रत राहील, म्हणून इनामदारांनी कारभारी धोंडोपंतांना बोलावले आणि सांगितले, की ही पंगत बंद करा, या गुरुवारचीच नव्हे, कायमची. जागा आपली आहे.

धोंडोपंत पापभीरू माणूस. अन्नदान बंद करा, असे शब्द तोंडातून काढायचे म्हणजे त्यांना घाम फुटला. आले, लिंबाखाली उभे राहिले, उपरण्याने मान पुसली आणि म्हणाले, ‘सगुणाबाई, सरकारांचा निरोप आहे. ही पंगत आता वाढवा.’ आणि तिच्या तोंडाकडे न बघता परत गेले.

सगुणाबाई जन्माची कासारीण. तिला का अर्थ कळला नसेल? तिच्या हातातली बांगडी तशीच राहिली. सासूने मरताना तिचा हात धरून एवढेच मागितले होते, की डेरा पालथा पडू देऊ नकोस. घरी आल्यावर तिने नागोजीला सांगितले. पण त्याने वाड्यावर जाऊन रदबदली करावी तरी कशी! इनामदारांशी त्याचे एकदा बोलणे होऊन चुकले होते. ‘माळ्यावरच्या तांब्याच्या पातेल्यांची कल्हई उडालीय, पुन्हा लावल्याशिवाय त्यांत रांधू नका’, असे त्याने महिनाभरापूर्वी सुचवले, तर इनामदार म्हणाले होते, ‘बांगड्या भरणाऱ्यानं बांगड्या भराव्यात.’ तेव्हापासून तो वाड्याकडे फिरकला नव्हता.

सगुणाबाई तडक करंजाखाली गेली आणि महाराजांच्या पुढ्यात बसून रडू लागली. महाराज वाकळेला ठिगळ लावत होते. त्यांनी सुई खाली ठेवून सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘कारभारी नेमकं काय म्हणाले? त्यांचाच शब्द सांग.’

‘पंगत वाढवा म्हणाले, महाराज.’

महाराज असे खळखळून हसले, की करंजावरचे पारवे उडाले. म्हणाले, ‘मग रडतेस काय, वेडे? इनामदारांचा शब्द गावात मोडतं का कुणी? वाढवा म्हणाले ना, वाढव. दरवेळी बाजारकऱ्यांनाच बसवतेस, यावेळी साऱ्या वाड्यावस्त्यांना सांगावा धाड.’

सगुणाबाई चपापली. म्हणाली, ‘पण महाराज, त्यांच्या मनात तसं नव्हतं. ही लबाडी नाही का होणार?’

‘शब्द त्यांनी दिला. त्यात अर्थ कुठला भरायचा, ते ज्याचं अन्न आहे तो बघेल. तू फोडणी नीट कर.’

सांगावे गेले. नागोजीने डोक्याला हात लावला, कारण घरात पीठ नेहमीच्याच मापाचे आणि डेराही तेवढाच. सगुणाबाईलाही रात्रभर धाकधूक होती, पण महाराजांनी सांगितले म्हटल्यावर तिने दुसरा विचार केला नाही. गुरुवारी सकाळी ती डेरा घेऊन लिंबाखाली आली, तर महाराज आधीच येऊन बसलेले!

दुपार व्हायला आली आणि दोन्हीकडे एकदमच गर्दी झाली. लिंबाखाली वाड्यावस्त्यांची माणसे लोटली, आणि तिकडे इनामदारांच्या वाड्यात पाहुण्यांच्या बैलगाड्या शिरल्या. पंचवीस माणसे येणार होती, आली साठ-सत्तर. इनामदारांनी सज्ज्यातून लिंबाखालची जत्रा पाहिली आणि त्यांचा पारा चढला. पण पाहुण्यांदेखत ओरडायचे कसे? ते धोंडोपंतांकडे नुसते बघत राहिले आणि पंत खांबामागे सरकले.

पाहुण्यांसाठी आजोबांच्या वेळची तांब्याची पातेली माळ्यावरून काढली होती. चिंचेची आमटी, कढी, आंबटगोड भाजी, सगळे त्यांतच शिजले होते. पाने मांडली, उदबत्त्या लावल्या, वाढप झाले. पाहुण्यांतले वडीलधारे भाऊसाहेब यांनी आमटीचा भुरका घेतला आणि ते थांबले. कढीला बोट लावून बघितले. वाटीच्या कडेला हिरवट झाक दिसत होती. उघड्या तांब्याला आंबट लागून अन्न कळकले होते! नागोजीचे बोलणे तंतोतंत खरे झाले.

भाऊसाहेब खानदानी माणूस, त्यांनी वाईट शब्द काढला नाही. सगळ्यांना हात आवरायला सांगितले आणि म्हणाले, की इनामदार, आमच्यात लहान लेकरं आहेत, आता घरीच जाऊन जेवू. भरल्या पानावरून वऱ्हाड उठले. याचा अर्थ काय होतो, ते का सांगायला हवे? सोयरीक राहिली बाजूला, चार गावांत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मैना माजघराच्या दाराआड उभी होती, तिने पदर तोंडात धरला.

पाहुणे दरवाजाबाहेर आले आणि नेमकी तेव्हाच तान्हूने लसणाची फोडणी दिली. त्या वासाने पाहुण्यांची लेकरे जागीच खिळली. महाराजांनी बसल्या जागेवरून हाक मारली, ‘पाहुणे, भरल्या बाजारातून उपाशी कुठं निघाला? बसा दोन घोट घेऊन.’ भाऊसाहेबांनी त्या वाकळवाल्या मूर्तीकडे क्षणभर पाहिले, पागोटे काढून काखेत धरले, आणि एका धनगराशेजारी मांडी घालून बसले. ते बसल्यावर सगळे वऱ्हाड बसले.

सगुणाबाईने वाढायला घेतले. तिच्या डोळ्यांपुढे पंगत लांबतच चालली होती, लिंबापासून पार ओढ्यापर्यंत. अर्धी पंगतही झाली नव्हती, तोच डेऱ्यात ओगराळे खरडल्याचा आवाज आला. तान्हूने आत वाकून पाहिले. तळ दिसत होता. तिचा चेहरा पांढरा पडला. समोर इनामदार दरवाजात उभे राहून बघत होते. पण सासूचा धाकच असा, की तशा घाबरगुंडीतही पोरीची जीभ घसरली नाही.

‘आत्याबाई,’ ती म्हणाली, ‘अंबील वाढलं.’

आई कालिके, आता तुझी लाज तूच राख, असे मनाशी म्हणत सगुणाबाईने महाराजांकडे पाहिले. महाराज शांतपणे द्रोण चाटत होते.

‘वाढलं म्हणतेय ना पोर?’ महाराज म्हणाले. ‘मग वाढ की.’

सगुणाबाईने ओगराळे डेऱ्यात घातले आणि ते जड होऊन वर आले! काठोकाठ भरलेले, वर फोडणीचे जिरे तरंगत असलेले. पुन्हा घातले, पुन्हा भरून आले. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि हात मात्र थांबेना. पुढे आणखी दोनदा तळ लागला, दोनदा तान्हूने ‘अंबील वाढलं’ म्हटले, आणि दोन्ही वेळा देवाने तो शब्द जसाच्या तसा खरा केला. तिसऱ्या खेपेला तर तान्हू हसत हसतच ओरडली.

पोटभर जेवून भाऊसाहेबांनी हात धुतले आणि विचारले, की एवढी मोठी पंगत घालतं कोण? सगुणाबाई पदर सावरून पुढे झाली. खोटे तिला बोलता येत नव्हते. म्हणाली, ‘सासूबाईंचा नेम हाय जी. दरवेळी लहानच असते. या खेपेला इनामदार सरकारांनी निरोप धाडला, पंगत वाढवा म्हणून. म्हणून वाढवली.’

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. ते इनामदारांकडे वळून म्हणाले, ‘वा, बळवंतराव! घरात एवढं कार्य असून गोरगरिबांची आठवण ठेवलीत. वाड्यातलं अन्न बिघडलं ते बिघडलं, पण दारातलं अन्न आम्ही जेवलो. अशा घरची लेक आम्हाला सून म्हणून हवी.’

इनामदारांनी तोंड उघडले नसते तर चालले असते. सगळे आपोआप सावरले होते. कासारीण खरेच बोलली होती, धोंडोपंत जन्मात बोलले नसते आणि महाराज नुसते हसत होते. पण फुकटचा मान डोक्यावर घेऊन उभे राहणे त्या माणसाला जमेना. ज्या डेऱ्याला आपण हसलो, त्यानेच आपली अब्रू झाकली, हे त्यांना आतून टोचत होते. ते पायऱ्या उतरून धुळीत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘भाऊसाहेब, मी ही पंगत बंद करायला सांगितली होती. कायमची. वाढवा म्हणजे बंद करा, एवढाच माझा अर्थ होता.’

भाऊसाहेब त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, की मघाशी सोयरीक आवडली होती, आता ती पक्की झाली. कारण झाकता येत असताना ज्याने स्वतःची चूक उघडी केली, त्याच्या लेकीला आम्ही डोळे मिटून घरात घेऊ. माजघराच्या दारातून हे ऐकणाऱ्या मैनाने तोंडातला पदर सोडला.

इनामदार महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, ‘मी तर जेवायला आलो होतो, बाबा. जिनं वाढलं, तिच्याकडे जा.’ तसे बळवंतराव वळले आणि अख्ख्या बाजारादेखत त्यांनी त्या मातीच्या डेऱ्यापुढे डोके टेकले. सगुणाबाई गोंधळून चार पावले मागे सरली. मग इनामदारांनी तिच्या हातातले ओगराळे मागून घेतले, जरीचे उपरणे कमरेला बांधले आणि उरलेली पंगत स्वतः वाढली. पहिले ओगराळे नागोजीच्या द्रोणात पडले आणि त्याबरोबर पातेल्यांना कल्हई लावण्याची विनंतीही.

दिवस कलला. शेवटचे माणूस उठले. धोंडोपंत दिवसभरात पहिल्यांदाच धीर करून पुढे आले आणि हात जोडून विचारू लागले, ‘महाराज, मग आता पंगत वाढ...’

‘थांबा, पंत!’ महाराजांनी घाईघाईने वाकळेतून हात बाहेर काढला. ‘तो शब्द आता नको. लेकी दमल्यात. आज एवढं पुरे म्हणा.’

सारा बाजार पोट धरून हसला. सगळ्यांत मोठ्याने इनामदार हसले, आणि हसता हसताच त्यांनी पुन्हा एकदा महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. या खेपेला महाराजांनी पाय मागे घेतले नाहीत.