दोन्हीकडून उतार

"रस्ता दोन्हीकडून उताराचा हवा! जाताना उतार, येतानाही उतार!" हैबतराव महाराजांनी फर्मान सोडलं आणि धोंडजी शेतकऱ्याच्या हातातला विळा गळून पडला.

रस्ता म्हणजे काय, तर राजवाड्यापासून महाराजांच्या सासुरवाडीपर्यंतचा कोसभर तुकडा. दोन्ही बाजूंना ज्वारी, मधे टेकड्या. उतारावर महाराज खूश असत. पालखीत लोडाला टेकायचं आणि समोरचं हिरवं रान बघायचं! पण चढ आला की देह मागे घसरायचा, पाय आभाळाकडे जायचे आणि पागोटं मानेवर यायचं. पोट कमी करण्यापेक्षा टेकड्या कमी करणं महाराजांना सोपं वाटलं.

त्या मुलखात रीत अशी, की ज्याच्या बांधाला रस्ता त्यानेच तो नीट राखायचा. बांध धोंडजीचा, म्हणून हुकूमही धोंडजीला!

"पुनवेपर्यंत झालं नाही, तर तुझ्या ज्वारीत आमचे घोडे सोडू!"

ज्वारी ऐन हुरड्यात आलेली. वर्षाची भाकरी घोड्यांच्या पोटात जाणार, म्हणून धोंडजी रडकुंडीला आला. त्याची मुलगी भागी मात्र म्हणाली, "आबा, त्यात काय एवढं? मी बघते."

पुनवेला पालखी आली, मागून कारभारी आले. रस्ता होता तसाच!

"उतार कुठे आहे?" महाराज कडाडले.

"ह्यो काय समोर!" भागी म्हणाली. "फकस्त उलटं बसा, महाराज. तोंड मागं, पाठ पुढं."

"काय?"

"आमी बाजाराला जाताना चढ लागला की गाडीच्या मागल्या अंगाला पाय सोडून बसतो. चढ कसा दिसतो, त्ये मला ठावंच न्हाई!"

महाराज कुरकुरत फिरले. लोडही फिरवला. भोई चढाला लागले, शेजारून भागी आणि धोंडजी चालू लागले, आणि काय नवल! समोर झकास उतार, खाली डुलणारी ज्वारी, पागोटं जागच्या जागी! माथ्यावर पोचल्यावर महाराज पुन्हा पुढे तोंड करून बसले, तर तिथेही उतारच.

महाराजांना मजा आली होती, पण ती कबूल कोण करणार?

"फसवतेस आम्हाला? चढ आहे तिथेच आहे!"

"त्यो भोयांना हाय, महाराज. तुमी कवा चढलाय?"

पुढच्या भोयाला ठसका लागला. धोंडजीने डोळे मिटून घेतले.

"अगं, पण राजाने पाठ पुढे करून सासुरवाडीत शिरायचं? लोक हसतील!"

"लोक आत्ता बी हसत्यात, महाराज! पालखी पुढं गेली की मागनं हसत्यात. तुमचं त्वांडच मागं असल्यावर हसायची छाती हाय कुणाची?"

महाराजांनी गर्रकन मागे पाहिलं. कारभाऱ्यांनी घाईघाईने तोंडावरचा हात काढला.

ते पाहून महाराज असे खदखदून हसले की पालखी डोलू लागली आणि भोयांना ती खाली टेकवावी लागली. डोळे पुसत त्यांनी ज्वारीला अभय दिलं, शेताचा सारा माफ केला आणि भागीला बैलजोडीसकट नवीकोरी गाडी इनाम दिली. मग पुढच्या चढासाठी ते आपणहून उलटे बसले.

"कारभारी, तुम्ही असेच मागून चला. आता आम्हाला सगळं दिसतंय!"